पाळी जाण्याच्या वयातील इस्ट्रोजेन : या चुका टाळा

अंगातून वाफा येणे, रात्री घामाने उशी भिजणे, झोप उडणे आणि योनिमार्ग कोरडा पडणे या तक्रारींवर इस्ट्रोजेन या अंडाशयात तयार होणाऱ्या संप्रेरकाइतके (हार्मोनइतके) गुणकारी औषध दुसरे नाही. वयाच्या साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून १० वर्षांच्या आत, रीतसर तपासणी करून ते सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना त्याचा धोक्यापेक्षा फायदाच अधिक होतो. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला चीड येते ती याची की, जी गुंतागुंत माझ्यासमोर येते ती बहुतेक वेळा औषध मनाने घेतल्यामुळे किंवा मनाने बदलल्यामुळे झालेली असते.

सर्वांत घातक चूक म्हणजे गर्भपिशवी जागेवर असताना एकटे इस्ट्रोजेन घेत राहणे. इस्ट्रोजेनमुळे गर्भपिशवीचे आतले अस्तर वाढते आणि त्या वाढीला आवर घालण्याचे काम प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक करते. ते सोबत नसेल तर अस्तर जाड होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. हे १९७५ पासून वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे, तरीही माझ्याकडे दोन सख्ख्या जावा आल्या त्या नेमक्या याच कारणाने. थोरलीची गर्भपिशवी गाठींमुळे काढलेली होती, त्यामुळे तिच्या चिठ्ठीवर फक्त इस्ट्रोजेनची गोळी होती आणि ते योग्यच होते. तिच्या वाफा थांबलेल्या पाहून धाकटीने तीच चिठ्ठी औषधांच्या दुकानात दाखवून स्वतःसाठी गोळ्या आणल्या आणि वर्षभर घेतल्या. मध्येच अंगावरून जाऊ लागले, तेव्हा पाळी परत आली म्हणजे अंगात ताकद आली, असे समजून तिने दोन महिने कोणालाही सांगितले नाही. पाळी कायमची थांबल्यावर रक्तस्राव झाला आणि सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरहून जाड दिसले, तर त्याचा तुकडा तपासावा लागतो. हिचे अस्तर त्याच्या तिपटीहून जाड होते. तपासणीत कर्करोग निघाला नाही, पण अस्तराची अवाजवी वाढ होती आणि ती उतरवायला कित्येक महिने प्रोजेस्टेरॉन द्यावे लागले. ‘जाऊबाईंना गुण आला, म्हणून मीही घेतल्या,’ एवढेच ती म्हणत राहिली.

काही जणी दोन्ही औषधे नेतात, पण प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते म्हणून तेवढेच बंद करतात. ती गोळी रात्री झोपताना घ्यायची असते, म्हणजे तीच गुंगी झोपेच्या कामी येते. दोन्ही पाकिटे एका रबराने बांधून ठेवावीत, असे मी प्रत्येकीला सांगते. एक हाती आले की दुसऱ्याची आठवण होतेच.

याच चुकीला जोडून येणारी दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वीच्या ऑपरेशनचा कागद जवळ नसणे. आपल्याकडे, विशेषतः बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये, गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया फार लवकर झालेली आढळते, आणि त्या वेळी अंडाशय ठेवले की काढले हे अनेकींना कोणी सांगितलेलेच नसते. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय निघाले असतील तर मनाई करणारा आजार नसताना रजोनिवृत्तीच्या नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणे हाडांसाठी आणि हृदयासाठीही हिताचे असते, मग वाफा येवोत अथवा न येवोत. कागद नसेल तर आधी सोनोग्राफी करून घेतल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही, कितीही घाई केली तरी.

घाई हा तर या उपचाराचा शत्रूच आहे. आठवड्याभरात फरक पडला नाही म्हणून कातडीवर लावायच्या इस्ट्रोजेन जेलचे दोन पंप लावायचे तेथे चार लावणाऱ्या स्त्रिया स्तन दुखतात, मळमळते म्हणून परत येतात आणि औषधालाच दोष देतात. वाफा कमी व्हायला काही आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम कळायला तीन महिने द्यावेच लागतात. त्याआधी मात्रा बदलू नये. जेल दंडावर किंवा मांडीवर लावावे, स्तनांवर कधीही लावू नये, ते वाळेपर्यंत कपडा घालू नये आणि हात धुतल्याशिवाय नातवंडांना उचलून घेऊ नये, कारण ते औषध लेकराच्या कातडीतूनही शरीरात जाते.

संततिनियमनाच्या गोळ्या या उपचाराच्या जागी मनाने घेऊ नयेत. त्यांतील इस्ट्रोजेन सहसा कितीतरी अधिक प्रभावी असते. उलट, या उपचाराने गर्भधारणाही टळत नाही, त्यामुळे पाळी अधूनमधून येत असेल तर वेगळी काळजी घ्यावी.

स्तनाचा कर्करोग, पायातील किंवा फुप्फुसातील रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा यकृताचा आजार झालेला असेल, तर तो विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावा. वजन जास्त असलेल्या स्त्रियांना मी गोळीऐवजी जेल किंवा पट्टीच देते, कारण कातडीतून जाणाऱ्या नेहमीच्या मात्रेतील इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढल्याचे दिसत नाही. थायरॉईडची गोळी चालू असताना इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली, तर सहा ते बारा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी पुन्हा करावी.

फक्त कोरडेपणाची आणि लघवीच्या जळजळीची तक्रार असेल तर योनिमार्गात लावण्याचे कमी मात्रेचे क्रीम पुरते. ते सुरुवातीला साधारण दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा लावायचे असते. बरे वाटले म्हणून बंद केले की तक्रार हळूहळू परत येते.

एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा बोलताना जीभ अडखळली, तर पुढची मात्रा घेऊ नये आणि सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.