महिला रविवारचा संदेश तुमच्याकडे आला तर

परवा तिन्हीसांजेला खानापूरहून फोन आला. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली मुलगी, आता तिच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल घेते. "बाई, महिला रविवारचा संदेश मला द्यायला सांगितलाय. मला जमेल का हो?" महिला रविवार म्हणजे उपासना बायकांकडं सोपवतात तो रविवार, आणि संदेश म्हणजे त्यातलं प्रवचन. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या आपल्या मंडळ्यांत दरवर्षी कुणा ना कुणा बाईवर ही वेळ येते, आणि पहिल्यांदा हात थरथरतात ते सगळ्यांचेच.

आधी बायबलमधला उतारा ठरवा, तोही एकच. माझ्या पहिल्या संदेशात मी सारेपासून लुदियेपर्यंत अकरा जणी घेतल्या होत्या. घरी जाताना एका अज्जीनं विचारलं, "बाळ, त्यातली ती कापड विकणारी कोण म्हणालीस?" अकरांतली एकच, तीही अर्धी, तिच्यापर्यंत पोचली होती. तेव्हापासून एक संदेश, एक उतारा, एक माणूस.

खानापूरच्या मुलीला मी नव्या करारातला, प्रेषित पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घ्यायला सांगितला. नुसती नावांची यादी म्हणून आपण तो चटकन वाचून पुढं जातो. सुरुवातीलाच फिबी आहे, करिंथाजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका. आता करिंथकरांस पहिलं पत्र ३:५ उघडा. तिथं पौल स्वतःला आणि अपुल्लो या दुसऱ्या उपदेशकाला सेवक म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच आहे. आपल्याकडं 'सेविका' म्हटलं की डोळ्यांपुढं चर्च झाडणारी, फुलं लावणारी बाई येते. ते कामही मोलाचंच, पण पौलाच्या मनात तेवढंच असतं तर तो शब्द त्यानं स्वतःला लावला नसता. रोमकरांस पत्र रोमला फिबीनंच नेलं, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याच अध्यायात प्रिस्किल्ला आहे. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अक्विल्लानं, मिळून अपुल्लोला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, हे प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये आहे. अपुल्लो शास्त्रात निष्णात होता, तरी तो ऐकायला बसला.

तयारीला शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर उतारा स्वतःच्या हातानं उतरवून काढा. मोबाइलवरून वाचू नका, लिहिताना हात जिथं अडतो तिथंच प्रश्न असतो. उजव्या पानावर ते प्रश्न लिहा: ही कोण, कुठली, तिच्याकडं पैसा होता का, तिचं ऐकणारे कोण? उत्तरं पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारा. बहुतेक पाळकांना असं कुणी विचारलेलं आवडतं. मग संदेश लिहायला घ्या. वीस मिनिटांना माझ्या अक्षरात साधारण पाच पानं पुरतात. त्याहून जास्त झालं तर काढून टाका, आणि सहसा काढायचं ते सुरुवातीचं असतं.

आता पदराचं. आपल्याकडं प्रार्थनेला उभं राहताना बाया डोक्यावर पदर घेतात. त्याचा आधार करिंथकरांस पहिलं पत्र ११:५. लहानपणापासून मी ते वचन फक्त पदरासाठी ऐकलं. पदर सरकला की माझी आजी मागच्या बाकावरून हळूच खांद्याला बोट लावायची. ते वचन वहीत उतरवून काढलं तेव्हा माझं वय होतं त्रेचाळीस, आणि तेव्हा कुठं दिसलं की त्यातली बाई मंडळीत प्रार्थना करते आहे, संदेश देते आहे. पौल तिला बोलू नको म्हणत नाही, बोलताना डोकं कसं असावं एवढंच सांगतो. म्हणून मी पदर आवर्जून घेते. तुमच्या मंडळीत रीत असेल तर तुम्हीही घ्या आणि पिन लावा, कारण पंख्याच्या वाऱ्यानं पदर घसरला की सगळं लक्ष तिकडं जातं.

"बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं लिहिलंय की," हे कुणीतरी म्हणणारच. त्याचं उत्तर घरून पाठ करून जा, पण संदेशात देऊ नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमची वीस मिनिटं वचनाची आहेत, स्वतःची बाजू मांडण्यात ती घालवलीत तर भुकेली माणसं तशीच घरी जातील. उत्तर बाहेर, चहाच्या वेळी, शांतपणे द्यायचं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात गप्प राहायला तिघांना सांगितलंय: अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याला (२८), दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर आधीच्या संदेष्ट्याला (३०), आणि मग बायकांना (३४). पहिल्या दोघांना आपण जन्मभर गप्प बसवत नाही, तिथं आपण व्यवस्थेचा नियम म्हणून वाचतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचं २:१२ जास्त अवघड आहे, ते सोपं आहे असं भासवू नका. तिथं 'अधिकार चालवणे' यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात आणखी कुठंही येत नाही, आणि त्याच्या आधीचंच वचन स्त्रीनं शिकावं असं सांगतं. पुढं आदाम-हव्वेचा दाखला आहे, म्हणून वचनावर मनापासून प्रेम करणारी माणसंही ते वेगळं वाचतात. त्यांच्याशी भांडू नका. माझं मत मात्र पक्कं आहे: ज्या पौलानं फिबीची शिफारस केली त्यानं प्रत्येक बाईचं तोंड कायमचं बंद केलेलं नाही.

तुमचा चर्च कुठला हेही माहीत हवं. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० साली सुरू झालं आणि १९०४ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडं आलं. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चनं स्त्रियांना पाळक म्हणून पूर्ण दीक्षेचे हक्क १९५६ मध्ये दिले, तेव्हा इथली मंडळी त्याच चर्चचा भाग होती. भारतातला मेथडिस्ट चर्च स्वायत्त झाला तो १९८१ मध्ये. म्हणजे मेथडिस्ट मुलगी पाळक होऊ शकते, तिला तसं लहानपणीच सांगा. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पा ललिता आंध्रातल्या नंद्यालच्या बिशप झाल्या. कॅथलिक मैत्रिणींकडं धर्मगुरूची दीक्षा स्त्रियांना नाही, पण वाचक आणि वेदीसेवक ही पदं २०२१ पासून त्यांनाही रीतसर मिळू शकतात, आणि धर्मशिक्षण तर त्या कधीपासून देतातच.

शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन एकदा मोठ्यानं वाचा. एका मैत्रिणीला शेवटच्या बाकावर बसवा, ऐकू आलं नाही की ती हात वर करेल. आपली जुनी चर्चं उंच छताची, आवाज घुमतो, म्हणून वाक्य संपलं की श्वास घ्या. कागदांना क्लिप लावा.

भाषेकडंही बघा. आपल्या मंडळीत पुढच्या बाकावर ज्या अज्जी बसतात त्यांतल्या निम्म्या माहेरच्या कन्नड. गोकाककडून आलेल्या सुना मराठी बोलतात, पण प्रार्थना करताना कन्नडमध्ये जातात. मी संदेशाचं मुख्य वाक्य दोन्ही भाषांत सांगते आणि उताऱ्याचं वाचन एखाद्या सुनेला तिच्या कन्नड सत्यवेदातून, म्हणजे बायबलमधून, करायला लावते. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा वाचणारीचा आवाज दुसऱ्या ओळीला भरून आला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि या चर्चमध्ये तिनं तोवर मोठ्यानं काहीच वाचलं नव्हतं.

उभं कुठं राहायचं यावरूनही कुरबूर होते. एका गावात मला पुलपिटावर, म्हणजे संदेश द्यायच्या उंच जागेवर, न जाऊ देता खाली, पायरीशी, वेगळा स्टँड मांडून दिला. वाईट वाटलं, अजून वाटतं. त्या दिवशी मी तिथूनच बोलले, कारण लोक वचन ऐकायला आले होते. पुढच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा होकार देण्याआधीच विचारलं, "उभं कुठं राहायचं?" चार दिवसांनी निरोप आला, पुलपिटावरूनच बोला. विचारायचं ते आधी आणि एकट्यात, हे मी त्यातून शिकले.

धीर सुटला तर पंडिता रमाबाई आठवा. १८५८ साली आजच्या कर्नाटकातल्या गंगामुळ्याच्या रानात एका मराठी घरात त्या जन्मल्या. मुलींना संस्कृत शिकवण्यावरून वडिलांना विरोध झाला, तरी आईवडिलांनी त्यांना शिकवलं. पुढं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या तोवर हे काम त्यांच्या हातात होतं, आणि छपाईला केडगावच्या मुक्ती सदनातल्या बाया होत्या. आपल्या आज्यापणज्यांच्या काळच्या बायबलबायाही दारोदार जाऊन वचन शिकवायच्या. त्यांना कुणी पुलपीट दिलं नव्हतं, चुलीपुढं बसून शिकवत होत्या.

संदेश झाला की त्याच आठवड्यात पाळकसाहेबांना भेटा आणि एखादा साधा रविवार मागा, महिला रविवार सोडून. चर्च कमिटीच्या निवडणुकीला नाव द्या. कापणीच्या सणाला करंज्या, लोणची विकून छपरासाठी पैसे आपणच उभे करतो, तर ते छपरावर कसे खर्च झाले हे विचारायला आपलीही एक खुर्ची हवी. बैठकीला जाताना मागच्या वर्षीचा हिशेब वाचून जा.

खानापूरची मुलगी गुरुवारी दुपारच्या गाडीनं येणार आहे. डावं पान भरून आण म्हणून सांगितलंय, उजवं दोघी मिळून लिहू.