पेनड्राइव्ह काढून घेतला तरी चालणारा डेस्कटॉप: लिनक्स पूर्णपणे रॅममधून कसा चालवायचा

‘लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केलं की सिस्टीम रॅममध्ये चालते’ हे इतक्या ठिकाणी लिहिलेलं असतं की लोकांना ते खरंच वाटतं. तसं नसतं. साध्या लाइव्ह बूटमध्ये, म्हणजे लिनक्स इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवताना, स्क्वॅशएफएस नावाची दाबून भरलेली मोठी फाइल पेनड्राइव्हवरच राहते आणि लागेल तो तुकडा तेवढा तिथून वाचला जातो. पेनड्राइव्ह उपटा, थोड्याच वेळात डेस्कटॉप गोठेल. आपल्याला ती फाइलच बूट होताना रॅममध्ये उतरवायची आहे, आणि नंतरचं वाचणं-लिहिणंही तिथेच करायचं आहे.

विंडोजवाल्यांनी इथेच थांबावं. विंडोज पीई रॅममधून चालतं खरं, पण ते दुरुस्तीसाठीचं छोटं वातावरण आहे आणि सलग ७२ तासांनी आपणहून रीस्टार्ट होतं.

किती रॅम, कोणती डिस्ट्रो

४ जीबीवर पपी किंवा अँटीएक्ससारखी हलकी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच. ८ जीबीवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेलं डेबियन लाइव्ह किंवा एमएक्स चालतं, पण हिशेबाने. १६ जीबी असेल तर फार विचार करू नका. ग्नोम आणि केडीई या जड डेस्कटॉपांच्या भल्यामोठ्या आयएसओंचा (आयएसओ म्हणजे डिस्ट्रोची उतरवून घ्यायची फाइल) मोह मात्र टाळा, कारण आयएसओचा प्रत्येक एमबी तुमच्या रॅममधून जाणार आहे. टायनी कोअर अवघ्या काही एमबींत बसतं, पण रोजच्या कामासाठी मी ते कुणाला सुचवणार नाही.

बूट

आयएसओ पेनड्राइव्हवर नेहमीसारखा लिहा. ग्रब हा बूट मेनू दिसला की ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जा, एक स्पेस देऊन योग्य शब्द टाका आणि एफ१० दाबा.

तो शब्द डिस्ट्रोप्रमाणे बदलतो. डेबियन, उबुंटू, एमएक्स, अँटीएक्स आणि स्लॅक्ससाठी ‘टूरॅम’, आर्च आणि सिस्टीमरेस्क्यूसाठी ‘कॉपीटूरॅम’, फेडोरासाठी ‘आरडी.लाइव्ह.रॅम’. सगळे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत आणि सलग, त्यातला ‘टू’ म्हणजे टी-ओ. पोर्टियसमध्ये ‘कॉपी२रॅम’ असा मधे २ आकडा येतो. पपीला पुरेशी रॅम दिसली तर ती बहुधा न सांगताच रॅममध्ये जाते. चुकीचा शब्द टाकलात तर कोणतीही तक्रार येत नाही, तो मुकाट दुर्लक्षिला जातो आणि साधं लाइव्ह बूट होतं.

शब्द बरोबर असेल तर बूटला वेळ लागेल. यूएसबी २.० पोर्टवर ३ जीबी उतरवायला दीड-दोन मिनिटं सहज जातात.

खात्री

पेनड्राइव्ह काढा आणि या सत्रात अजून एकदाही न उघडलेला प्रोग्रॅम उघडा. ‘न उघडलेला’ हे महत्त्वाचं. आधी उघडलेले प्रोग्रॅम कॅशेमधून चालत राहतात, त्यामुळे साध्या लाइव्ह बूटवरही काही काळ सगळं आलबेल भासतं.

लिहिण्याची जागा

बहुतेक मार्गदर्शक पेनड्राइव्ह काढला की टाळ्या वाजवून संपतात, आणि मग तासाभराने ब्राउझर अचानक नाहीसा झाला की माणूस डिस्ट्रोला शिव्या घालतो. हे कोडं सुटायला मलाही बराच वेळ लागला होता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

स्क्वॅशएफएस फाइल फक्त वाचता येते. म्हणून तिच्यावर ओव्हरलेएफएसचा लिहिता येणारा थर चढवलेला असतो, आणि हा थर टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्येच, असतो. डाउनलोड, ब्राउझरचा कॅशे, लॉग, बदललेली सेटिंग्ज, सगळं तिथे साचत जातं.

टीएमपीएफएसला वेगळं काही सांगितलं नाही तर त्याची मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी असते. ‘एकूण’ रॅमच्या, उरलेल्या नव्हे. ८ जीबीच्या मशीनवर सिस्टीमची फाइल ३ जीबी खाते, वरचा थर ४ जीबीपर्यंत फुगू शकतो, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा), डेस्कटॉप, ब्राउझर या सगळ्यांना मिळून राहतो १ जीबी. म्हणजे ‘जागा शिल्लक नाही’ असा सरळ निरोप येण्याआधीच मेमरी संपते आणि कर्नल एखादी मोठी प्रक्रिया मारून टाकतो. बळी बहुधा ब्राउझरचा जातो.

म्हणून ती मर्यादा स्वतः खाली आणा. ‘माउंट’ कमांडला ‘रीमाउंट’ आणि ‘साइझ’ हे पर्याय देऊन टीएमपीएफएसचा आकार चालू सत्रातही बदलता येतो. ८ जीबीवर मी थराला दीड जीबी देतो. जागा संपल्याचा निरोप आला तर फाइल हलवून मोकळं होता येतं. मेलेल्या प्रक्रियेतलं न जपलेलं काम परत येत नाही.

मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ कमांडच्या बाबतीत नेहमीचा सल्ला इथे घातक आहे. ‘कॅशेमध्ये दिसणारी मेमरी गरज पडली की मोकळी होते’ असं सांगितलं जातं. पण टीएमपीएफएसमधला मजकूरही त्याच रकान्यात मोजला जातो, आणि तो असा सोडून देता येत नाही, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. फक्त ‘अव्हेलेबल’चा रकाना बघा.

दुसरं, जागा करायची म्हणून सिस्टीमबरोबर आलेले प्रोग्रॅम काढू नका. मूळ फाइलला हात लागत नाही. वरच्या थरात ‘हे नाही’ अशी खूण तेवढी पडते. रॅम एका एमबीनेही मोकळी होत नाही.

आणि लाइव्ह सत्रात पूर्ण सिस्टीम अपडेट तर कधीच करू नका. जुनी आवृत्ती खालच्या फाइलमध्ये तशीच राहते, नवी वरच्या थरात येते, शिवाय उतरवलेली पॅकेजेसही तिथेच पडतात. ब्राउझरपुरतं अपडेट ठीक. बाकीच्यासाठी नवा आयएसओ घ्या.

झेडरॅम मात्र जरूर चालू करा. २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून ते कर्नलच्या मुख्य शाखेत आहे. ते रॅमचाच एक भाग दाबून भरलेल्या स्वॅपसारखा (स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की मजकूर सरकवायची जागा) वापरतं, आणि टीएमपीएफएसमधला मजकूरही स्वॅपमध्ये जाऊ शकत असल्याने त्याचा इथे दुहेरी फायदा होतो. खऱ्या डिस्कवरचं स्वॅप मात्र बंद हवं, नाहीतर ‘सगळं रॅममध्ये’ म्हणायला अर्थ नाही. ‘स्वॅपऑन’ कमांडला ‘शो’ पर्याय देऊन काय चालू आहे ते बघा.

काय जपायचं आणि कुठे

स्वतःच्या फाइली वेगळ्या पार्टिशनवर किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. ब्राउझरचं डाउनलोड फोल्डरही तिकडेच वळवा.

सेटिंग्जची गोष्ट वेगळी. डेबियनवर ‘टूरॅम’बरोबर बदल जपणारा ‘पर्सिस्टन्स’ हा शब्दही जोडा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. मग सगळं लिहिणं सरळ पेनड्राइव्हवर होतं. तो काढता येत नाही आणि वेगही जातो. अँटीएक्स आणि एमएक्समध्ये ‘पर्सिस्ट_रूट’ हा पर्याय आहे. तो बदल सत्रभर रॅममध्ये ठेवतो आणि बंद करताना जपतो. पपीची सेव्ह फाइल किंवा अल्पाइन या डिस्ट्रोची बदल जपणारी ‘एलबीयू कमिट’ कमांड वापरणार असाल तर जपण्याआधी पेनड्राइव्ह परत लावा.

माझी स्वतःची पद्धत याहून साधी आहे. एमएक्सवर हवं तसं सगळं एकदा बसवतो, एमएक्स स्नॅपशॉटने त्याचा नवा आयएसओ करतो आणि पुढे तोच बूट करतो. स्नॅपशॉट घेताना कॉम्प्रेशन झेडएसटीडी निवडा. एक्सझेडने फाइल लहान होते, पण रॅममध्येही ती दाबलेलीच राहते आणि प्रत्येक वाचनाला उलगडावी लागते. जुन्या प्रोसेसरवर हा फरक चांगलाच जाणवतो.

सस्पेंड बिनधास्त वापरा, त्यात रॅमची वीज चालू राहते. हायबरनेटला डिस्क लागते, तेव्हा ते सोडून द्या. लॅपटॉपला बॅटरी असते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर चालू काम दर थोड्या वेळाने त्या वेगळ्या पार्टिशनवर जपत राहा.