घरी वेल्ड केलेला रिपर कानापाशीच का तुटतो? या चुका टाळा

खोदकाम यंत्रासाठी घरी रिपर (कडक जमीन फोडणारा एकच जाड दात) किंवा अरुंद बकेट करायला घेतली की सगळं लक्ष पत्र्याच्या जाडीकडे जातं. पण मी पाहिलेल्या घरगुती कामांत पत्रा वाकल्याची उदाहरणं थोडी. बहुतेक कामं गेली ती कानापाशी, म्हणजे पिन ज्यांतून जाते त्या दोन उभ्या प्लेटांपाशी.

पहिली चूक मापाची. जुनी पिन झिजून लांबट गोल झालेली असते आणि आपण नेमकं झिजलेल्या जागी माप घेतो. पिनेचं टोक, जिथे घर्षण पोहोचत नाही, तिथे व्हर्निअर लावा, तेही दोन दिशांनी. दोन पिनांमधलं अंतर टेपने केंद्रापासून केंद्रापर्यंत नजरेने घेऊ नका. आतल्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि त्यात दोन्ही पिनांची अर्धी-अर्धी जाडी मिळवा. आर्मच्या (यंत्राच्या हाताच्या) टोकाची आणि लिंकची (सिलिंडरची ढकल बकेटपर्यंत नेणाऱ्या दांड्याची) रुंदी सारखीच असेल असंही धरून चालू नका, दोन्ही वेगवेगळ्या मोजा.

माप बरोबर असूनही पिन जात नसेल, तर कान वेल्डने ओढले गेलेत. वेल्ड थंड होताना आकसतं. एका बाजूने सलग रन (वेल्डची पट्टी) मारला की कान त्या बाजूला झुकतो. म्हणून दोन्ही कानांतून पिनेच्याच मापाचा गज घाला, मध्ये आर्मच्या रुंदीपेक्षा किंचित लांब पाइपाचा तुकडा ठेवा, टॅक करा (ठिपक्या-ठिपक्यांनी तात्पुरतं जोडा) आणि मग आलटून-पालटून छोटे रन मारा. काम पूर्ण थंड होईपर्यंत गज काढायचा नाही. भोकं मुद्दाम लहान ठेवून, वेल्डनंतर काम न हलवता दोन्ही एकाच सेटिंगमध्ये बोअर करून (मशीनवर मापाला मोठी करून) घेतली तर त्याहून उत्तम. पिन घणाने ठोकून बसवू नका, बुश (भोकातली नळी, जिच्यात पिन फिरते) फाटतो.

आता खरं दुखणं. दाताचा अडॅप्टर (दात ज्यावर बसतो तो तुकडा) आणि धारेची पट्टी साध्या लोखंडाची नसते. त्यांना 6013 या नेहमीच्या वेल्डिंग रॉडने जोडलं की वेल्ड दिसायला सुरेख, आणि दुसऱ्या दिवशी वेल्डच्या अगदी शेजारून केसाएवढी रेघ. माझा पहिला रिपर असाच रात्रीतून गेला. दमट रॉडमधून आलेला हायड्रोजन कडक पोलादात अडकतो आणि तडा काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही उघडतो. इथे 7018 सारखा कमी हायड्रोजनचा रॉड हवा, तोही भट्टीत कोरडा केलेला. जाड तुकडा आधी साधारण 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. तापमान दाखवणारा खडू मिळतो, तो वापरा. नंतर पाणी मारू नका, कोरड्या वाळूत झाकून सावकाश निवू द्या. मात्र कठीण केलेली झीजरोधक प्लेट 200 अंशांच्या फार पुढे नेली तर तिचा कडकपणाच जातो.

तडा दिसलाच तर त्यावर नुसता रन ओढू नका, तो आत तसाच राहतो. दोन्ही टोकांना भोक पाडा, ग्राइंडरने मुळापर्यंत खोदा आणि तळापासून भरत या.

रिपर किंवा बकेट शक्यतो यंत्रावरून उतरवून वेल्ड करा. नाइलाज असेल तर बॅटरीच्या वायरी सोडा आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा. दूर लावला तर करंट पिन, बुश आणि सिलिंडरच्या रॉडमधून वाट काढतो. रॉडच्या क्रोमवर ठिणगीचा खड्डा पडला की तो सील कापत राहतो आणि तेल गळायला लागतं.

रिपर लांब केला की टोकाशी जास्त ताकद मिळते असं वाटतं, होतं उलटच. पिनेपासून टोकापर्यंतचं अंतर 60 सेंटिमीटरवरून 90 केलं, तर टोकाशी उपटण्याची ताकद दोन-तृतीयांश उरते आणि कानांवर आडवा पीळ मात्र वाढतो. आखूडच ठेवा.

पहिली चाचणी इंजिन मंद ठेवून, जवळ कोणी उभं नसताना. बकेट पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर न्या. लोखंड आर्मला भिडण्याआधी सिलिंडरचा स्ट्रोक (त्याच्या रॉडची पूर्ण हालचाल) संपला पाहिजे. पिनेची भोकं जुळली का, हे बोट घालून कधीही पाहू नका.

कानांवर फिकट रंगाचा पातळ हात द्या. पहिल्या तासाभराच्या खोदकामानंतर माती धुऊन बघा: तडा सुरू झाला असेल तर रंगावर त्याची रेघ उमटलेली दिसते.