ब्रेक पॅड बदलायला बसण्याआधी काय काय हाताशी हवं

स्पोर्ट्स कारचे ब्रेक पॅड बदलणं हे तसं फार अवघड काम नाहीये, पिना काढायच्या, जुने पॅड बाहेर, पॅडला डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर) दाबणारे पिस्टन मागे, नवे पॅड आत, झालं. घोळ होतो तो गाडी स्टँडवर चढल्यावर, चाकं बाजूला काढून ठेवलीयेत आणि तेव्हा कळतं की सेन्सरची वायर मागवायची राहिली किंवा पिन गंजून अशी बसलीये की हलायलाच तयार नाही. त्यामुळे तयारी आधी, आणि त्यातली निम्मी तर पार्ट मागवण्याच्याही आधीची.

म्हणजे आधी मोजा, मग मागवा. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण १० ते १२ मिमी असतो, मागची लोखंडी पट्टी सोडून. ही पट्टी धरून मोजणारे खूप जण आहेत, ती एकटीच ५-६ मिमी भरते, त्यामुळे "अजून आठ मिमी आहे की" असं म्हणत फिरतात आणि खरा थर दोन-तीनच उरलेला असतो. रोजच्या वापराची गाडी असेल तर ३ मिमीला बदलून टाका. ट्रॅकवर न्यायची असेल तर मात्र माझं मत असं की निम्म्याच्या खाली गेलेल्या पॅडवर जाऊच नये, कारण पातळ पॅड नुसता लवकर संपत नाही, तो उष्णता अडवतच नाही, ती सरळ पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. दीड टनाची गाडी ताशी २०० किमीवरून पूर्ण थांबवली की साधारण २३ लाख ज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे सात लिटर गार पाण्याला उकळी आणता येईल एवढी, आणि ही सगळी सहा-एक सेकंदांत. १०० वरून थांबवलं तर याचा फक्त चौथा हिस्सा. रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारे पॅड ट्रॅकवर एक-दोन दिवसांत का संपतात ते यातच आलं.

बघताना चारही चाकांचे आठही पॅड बघायचे. चाकाच्या जाळीतून बाहेरचा पॅड दिसतो आणि लोक तेवढ्यावर खूश असतात, पण आतला जास्त झिजलेला असू शकतो. एकाच बाजूला पिस्टन असलेला सरकणारा कॅलिपर (पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात तो भाग) असेल आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ असेल तर सरकायच्या पिना अडकल्यात असं समजा, मग पॅडसोबत पिनांचं ग्रीस आणि रबरी बूटही यादीत टाका. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या फिक्स कॅलिपरमध्ये असा फरक दिसला तर बहुतेक एखादा पिस्टन चिकटतोय, आणि तिथे नुसते पॅड बदलून काहीच होणार नाही, नवेही तसेच झिजणार. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असंही होतं, कारण डिस्क ज्या टोकाकडून पॅडखाली शिरते ते टोक जास्त ओढलं जातं. म्हणून तर बऱ्याच सहा पिस्टनच्या कॅलिपरमध्ये त्या बाजूचे पिस्टन मुद्दाम लहान ठेवलेले असतात. थोडा उतार चालतो, जास्त असेल तर पेडल स्पंजी लागतं. आणि मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपले तर चक्रावून जाऊ नका, हल्लीच्या गाड्यांत वळणावर आतलं मागचं चाक इलेक्ट्रॉनिक्सच हळूच दाबत असतं, तुम्ही पेडलला पाय लावला नाही तरी.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबून राहणं मला पटत नाही. सेन्सर म्हणजे पॅडमध्ये बसवलेली एक वायर, ती डिस्कला घासून तुटली की दिवा लागतो, बस. काही गाड्यांत पुढे एक आणि मागे एक एवढेच सेन्सर असतात, बाकीच्या चाकांचं काय चाललंय ते गाडीला कळतच नाही. आणि एकदा दिवा लागला की सेन्सर गेला, नवाच घालावा लागतो, तेव्हा तो पॅडसोबतच मागवायचा.

आता डिस्क. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, कडेला किंवा मधल्या टोपीवर. मायक्रोमीटरने मोजा, साध्या व्हर्नियरने कडेची न झिजलेली धारच मोजली जाते आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड वाटते. भोकं पाडलेल्या डिस्कवर भोकाभोवती केसासारख्या बारीक रेषा दिसतात, त्या किती चालतात ते कंपनी सांगते, पण चीर कडेपर्यंत पोचली किंवा दोन भोकं जोडली गेली की डिस्क बाद. कार्बन सिरॅमिक डिस्क असेल तर हिशोबच वेगळा, तिथे जाडीपेक्षा वजन महत्त्वाचं, किमान वजन डिस्कवर लिहिलेलं असतं, पॅडही तिच्यासाठीच बनवलेले लागतात आणि चाक काढताना रिम डिस्कला आपटली तर टवका उडतो. चाकाच्या बोल्टच्या जागी लावायची लांब गाइड पिन अशा वेळी हवीच.

मागवायचं काय तर त्या अॅक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे, पॅड पूर्ण सेट, एका चाकाचे कधीच नाही. पॅडच्या कडेवर दोन अक्षरं असतात, पहिलं साधारण तापमानाला पकड किती आणि दुसरं गरम झाल्यावर किती, ई पेक्षा एफ जास्त आणि एफ पेक्षा जी. रेसचे पॅड रस्त्यावर घालायचा मोह होतो पण थंड असताना ते नीट धरत नाहीत, ओरडतात, डिस्कही खातात, सिग्नलवर त्यांचा काय उपयोग. त्यासोबत नव्या पिना, स्प्रिंग, लागत असतील तर कॅलिपरचे बोल्ट, कारण काही गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या, उघडा डबा हवेतलं पाणी ओढत बसतो. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश आणि पाणी शिरल्यावर १५५, डॉट ५.१ चा २६० आणि १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नाव जवळचं वाटलं तरी ते यात मिसळायचं नाही.

हत्यारांत कमी उंचीचा जॅक, स्टँड (नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही, विषय संपला), टॉर्क पाना, पिना ठोकायचा पंच, पिस्टन मागे सारायचं साधन, ब्रेक क्लीनर, मास्क आणि कॅलिपर टांगायला जाड तार, तो होजवर, म्हणजे ऑइलच्या नळीवर, लोंबकळत ठेवायचा नाही. मधोमध एकच नट असलेली चाकं असतील तर तो पाचशे-सहाशे न्यूटन मीटरला आवळावा लागतो, साधा टॉर्क पाना तिथवर जातच नाही, हे आधी बघून ठेवा. हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक असेल तर मागचे पिस्टन सारण्याआधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो, जबरदस्ती केली तर मोटर जाते. काही गाड्यांत मागचा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, त्याचं हत्यार वेगळं.

पिस्टन मागे सारण्याआधी बॉनेट उघडून ऑइलची टाकी बघा. पॅड झिजत जातात तशी लेव्हल खाली येते, मधे कोणी टॉप अप केलं असेल तर पिस्टन मागे गेले की ऑइल बाहेर सांडतं आणि रंग खातं, म्हणून आधी थोडं ओढून काढा, आजूबाजूला फडकं आणि हाताशी पाण्याची बाटली ठेवा. धूळ हवेने उडवायची नाही, क्लीनरने धुवायची. पॅडवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला. ग्रीस अगदी थोडं, पिनांवर आणि पट्टीच्या टेकणाऱ्या कडांवर, घासणाऱ्या थराला बोटही नको.

सगळं बसलं की गाडी हलवण्याआधी पेडल दाबत राहा, कडक होईपर्यंत. पहिल्या काही दाबांना ते तळापर्यंत जातं कारण पिस्टन मागे आहेत, आणि अशात गाडी रिव्हर्समध्ये टाकली तर ब्रेक नसतोच.

नवे पॅड चालवून डिस्कशी नीट जुळवून घ्यायला मोकळा, सरळ रस्ताही आधीच हेरून ठेवा. पॅडवाल्यांनी दिलेली पद्धत असेल तर तीच, नसेल तर ताशी १०० वरून ३० पर्यंत जोरात पण चाक लॉक न करता, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग काही किलोमीटर ब्रेकला शक्यतो हात न लावता चालवत गार होऊ द्यायची. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की त्या जागी डिस्कवर पॅडचा थर जाड बसतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली, बऱ्याचदा ती वाकडी नसतेच. या फेऱ्यांत थोडा वास आणि धूर येतो तो येऊ द्या. घरी आल्यावर पॅड गार होईपर्यंत हँडब्रेक लावू नका, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकाला अडण लावा, आणि शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या.