आई-बाबांसाठी कानाचं मशीन घेताय? आधी हे बघा

आधी दुकानात जाऊ नका, ईएनटीकडे म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, कधीकधी नुसता मळ असतो आणि तो काढला की काम होतं. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून तिचा ग्राफ हातात घ्या. ग्राफमध्ये ऐकण्याची घट ७० डेसिबलच्या पुढे गेली असेल तर बहुतेक वेळा कानामागचं मोठं मशीनच लागतं, कानात लपणारं छोटं तिथे सहसा पुरत नाही, लोक काय म्हणतील ते सोडा.

बॅटरीचं नीट बघा. १० नंबरची एवढीशी असते की सत्तरीतल्या हाताला ती बदलणं म्हणजे सुईत दोरा ओवणंच, त्यापेक्षा १३ नंबर किंवा सरळ चार्जिंगवालं घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं ट्रायल. केबिनच्या शांततेत सगळीच मशीनं भारी वाटतात हो, तेच घालून पुण्याच्या लक्ष्मी रोडसारख्या गर्दीत न्या नाहीतर सिटी बसमध्ये बसवा आणि बोलून बघा, भांड्यांचा आवाज टोचतोय का विचारा, नंतर ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे मशीन बसवणाऱ्या श्रवणतज्ज्ञाकडून सेटिंग बदलून घ्या. दोन-तीनदा तरी जावं लागतंच, म्हणून सेंटर घराजवळचं बघा. चॅनेल किती, म्हणजे आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे सेट करता येतात, यावरून किंमत वाढवतात, घरातच बसणाऱ्या माणसाला टॉप मॉडेल कशाला? ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं नुसतं आवाज वाढवणारं मात्र नकोच. आणि पावसाळ्यासाठी मशीनमधली ओल शोषणारी सिलिका जेलची डबी मागून घ्या.