कल्ल्यांतले परजीवी: शेततळ्यात या चुका टाळा

पहाटे कटला तोंड वर काढून काठाला आला की खानापूरपासून निपाणीपर्यंत एकच निदान ऐकू येतं: हवा कमी पडली. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण ऊन चढल्यावरही मासे वरच घुटमळत असतील, तर एक मासा धरून कल्ल्याचं झाकण उचला. मासा जिवंतच हवा. मेल्यावर कल्ले फिके पडतात आणि कीडही सुटून जाते.

निरोगी कल्ला लालभडक, तंतू सुटेसुटे. माझ्या तळ्यातल्या कटल्याचे तंतू शेंबडासारख्या थरात चिकटलेले होते, कडा पांढुरक्या. ओळखीच्या पोराने कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटभर थर धरला, तर इवलासा किडा जळूसारखा लांब-आखूड होत होता, डोक्याला चार काळे ठिपके. डॅक्टिलोगायरस. मागच्या आकड्यांनी तो कल्ल्यात रुततो. ताजं वाहतं पाणी, पातळ कातडी, वर झाकण: याहून चांगलं घर त्याला कुठलं?

माझी चूक त्याआधीचीच. शेजारचे अण्णा म्हणाले, "मीठ टाक की!" मी पन्नास किलोचं पोतं ओतलं. तळं 20 बाय 20 मीटर, पाणी सरासरी दीड मीटर, म्हणजे सहा लाख लिटर. लिटरमागे मीठ 0.08 ग्रॅम! किड्याला काय कळणार? मिठाची आंघोळ टाकीत घालायची: लिटरमागे 20 ग्रॅम, मोजकी मिनिटं, आणि मासा आडवा होऊ लागला की लगेच साध्या पाण्यात.

दुसरी चूक, एकच डोस. औषधाने किडे मरतात, पण तळाशी पडलेली अंडी बहुतेक वाचतात. वैशाखात ती काही दिवसांत फुटतात, पौषात कितीतरी जास्त वेळ घेतात. म्हणून उन्हाळ्यात आठवड्याच्या आत पुन्हा बघायचं, थंडीत अंतर वाढवायचं.

कल्ल्यावर पांढरे दोरे, मागे जोडीने पिशव्या दिसल्या तर ती अर्गासिलस या दुसऱ्या परजीवीची मादी. नर कल्ल्याला चिकटतच नाही, पाण्यातच जगतो. तिथे मिठावर विसंबू नका, मत्स्य खात्याच्या माणसाला विचारा. दुकानदाराने मॅलॅकाइट ग्रीन नावाचं हिरवं रंगद्रव्य औषध म्हणून पुढे केलं तर घेऊ नका. खायच्या माशाला ते चालत नाही.

नवी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, थेट तळ्यात सोडायची नाही, हे सगळे सांगतात. ओल्या जाळ्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यातल्या शेवाळ-चिखलाबरोबर अंडी पुढच्या तळ्यात जातात. माझं जाळं आता कडक उन्हात वाळल्याशिवाय कुणाला मिळत नाही. अण्णा त्यावरून आठवडाभर रुसले होते.