ॲनोड रॉड घासण्याआधी तासभर गरम पाण्यात

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या छोट्या प्लेटिंग शॉपमध्ये (धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात) नेहमीची कटकट: निकेलच्या टाकीवरच्या तांब्याच्या ॲनोड रॉडवर (ॲनोडला करंट पोचवणाऱ्या दांड्यावर) हिरवे क्षार साचतात, करंट नीट जात नाही आणि हेल्पर रॉड तसाच कोरडा वायर व्हीलला (मोटरवर फिरणाऱ्या तारांच्या ब्रशला) लावतो. सगळी धूळ नाकात.

१. रेक्टिफायर (टाकीला डीसी करंट देणारं यंत्र) बंद करून रॉड काढा, तासभर गरम पाण्यात ठेवा. निकेलचे क्षार बहुतेक पाण्यातच विरघळतात, अर्धी घासाघीस इथेच वाचते. रबरी हातमोजे घाला, निकेलची खाज लवकर जात नाही. ते पाणी गटारात नको, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) टाकीत.

२. रॉड कोरडा पुसा.

३. व्हीलवर लिहिलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) मोटरपेक्षा जास्त हवा. टू-पोल (दोन चुंबकी ध्रुवांची) मोटर साधारण २,८५० ने फिरते. चालू करून मिनिटभर बाजूला उभे राहा, सैल तारा तेवढ्यात उडून जातात.

४. व्हीलची पुढची बाजू खाली फिरते. म्हणून रॉड मध्यरेषेच्या जरा खाली, टोक खालच्या दिशेने ठेवून टेकवा. अडकलाच तर अंगावर न येता खाली फेकला जातो. दाबू नका! सफाई तारांची टोकं करतात. दाबलं की तारा आडव्या पडतात आणि नुसता आवाज होतो.

रॉडला हूक असेल तर त्याचा वाक व्हीलला लावूच नका, तिथेच तो पकडतो. हातब्रशने दोन मिनिटांचं काम आहे.

गॉगलवर फेसशील्ड हवीच. आणि व्हीलपाशी कापडी हातमोजे अजिबात नकोत, ते बोटासकट ओढले जातात.